बोलावून घेतलेली माणसं

'टोकियो स्टोरी'मध्ये एक टेबल हलवलं जातं. सिनेमा सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो. ओनोमिचीहून आजी-आजोबा येणार म्हणून कोइचीच्या घरात झाडलोट चालू असते. मिनोरू नावाचा त्याचा थोरला मुलगा शाळेतून घरी येतो आणि बघतो तर त्याचं अभ्यासाचं टेबल खोलीतून काढून बाहेर पॅसेजमध्ये ठेवलेलं. मग मी अभ्यास कुठे करू, म्हणून तो आईशी भांडतो. आई त्याला उडवून लावते. एवढंच. हा प्रसंग विनोदी आहे आणि बहुतेक जण तो विनोदी म्हणूनच बघतात. मीही कॉलेजात असताना तसाच बघितला होता. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा माझं स्वतःचं टेबल खोलीतून निघून हॉलमध्ये, टीव्ही आणि चपलांच्या रॅकच्या मधे आलेलं होतं. खोलीत आजी आली होती.

यासुजिरो ओझूचा हा सिनेमा १९५३ चा. तो कोणत्या ना कोणत्या 'सर्वोत्तम' यादीत असतोच. २०१२ साली 'साइट अँड साउंड'च्या दिग्दर्शकांच्या मतदानात तो पहिला आला होता. अशा याद्यांमुळे सिनेमाचं नुकसान होतं असं माझं मत आहे. आपण तो 'बघून टाकायचा' म्हणून बघतो. मी तो हॉस्टेलवर, दीडपट स्पीडवर बघितला होता. हे सांगायची लाज वाटते, पण एकशे छत्तीस मिनिटं कुणी चहा पितंय, कुणी पंखा हलवतंय, हे बघायचा पेशन्स तेव्हा नव्हता.

गोष्ट चार ओळींची आहे. शुकिची आणि तोमी हे सत्तरीच्या आसपासचं जोडपं समुद्रकाठच्या ओनोमिचीहून रात्रभराचा रेल्वेप्रवास करून टोकियोला मुलांकडे येतं. थोरला कोइची शहराच्या कडेला दवाखाना चालवतो, मुलगी शिगे पार्लर चालवते. दोघांनाही वेळ नाही. वेळ काढते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. म्हातारा-म्हातारी परत जातात, वाटेत तोमीला बरं वाटेनासं होतं आणि घरी पोचल्यावर ती मरते. मुलं येतात, अंत्यविधी होतो, मुलं जातात.

यावरून एक सरळ निष्कर्ष निघतो: मुलं स्वार्थी, परकी सून चांगली. हा सिनेमा दाखवला की चर्चेत पाच मिनिटांत कुणीतरी हे म्हणतंच, आणि मग सगळे आपापल्या आई-वडिलांना फोन करायचं ठरवून घरी जातात. माझा वाद या वाचनाशी आहे. ते साफ खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण ते वाचन आपल्याला फार स्वस्तात सोडून देतं. मुलं वाईट असतील तर प्रश्न चारित्र्याचा होतो, आणि आपण काही तितके वाईट नसतो.

आपल्याकडच्या सिनेमानं हेच वाचन पुन्हा पुन्हा केलेलं आहे. हॉलिवूडमध्ये लिओ मॅकॅरीनं १९३७ साली 'मेक वे फॉर टुमॉरो' काढला: घर गेलेलं म्हातारं जोडपं, आणि मुलांनी वाटून घेतलेले आई-वडील. 'टोकियो स्टोरी'चं मूळ तिथं सांगितलं जातं. राजा परांजपेंचा 'ऊन पाऊस' १९५४ चा, म्हणजे ओझूनंतर एकच वर्ष. त्यात निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको मुलांच्या संसारात उपरी होतात. 'तू तिथे मी' १९९८ चा. आणि २००३ चा 'बाग़बान' तर आपल्या पिढीनं टीव्हीवर इतक्यांदा बघितलाय की त्यातले सूड घ्यायचे क्षण पाठ आहेत. 'बाग़बान'मध्ये शेवटी अमिताभ स्टेजवर उभा राहतो, पुस्तकाच्या निमित्तानं भाषण करतो, आणि खाली बसलेली मुलं माना घालतात. प्रेक्षक म्हणून आपण कुठं बसलेलो असतो? स्टेजवर, अमिताभच्या बाजूला. त्या मुलांच्या रांगेत आपल्याला कुणी बसवत नाही.

ओझू नेमकं तिथं बसवतो. शुकिची भाषण करत नाही. त्याच्या तोंडी सगळ्यात कडवट म्हणावं असं जे काही येतं ते जुन्या मित्रांबरोबर दारू प्यायल्यावर. मुलगा मोठा डॉक्टर असेल असं वाटलं होतं, बघितलं तर आडबाजूचा छोटा दवाखाना. आणि लगेच तो मुलाचीच बाजू घेतो: टोकियोत माणसंच फार झालीत, त्याला इलाज नाही. त्या मित्रांपैकी एकाची दोन्ही मुलं युद्धात गेलीत. म्हणजे अपेक्षाभंगाची तक्रार करायला निदान मुलगा जिवंत हवा, हे त्याच टेबलावर, न बोलता मांडलेलं आहे.

आता मुलं काय करतात ते नीट बघा. कोइची रविवारी आई-वडिलांना शहर दाखवायला निघतो. कपडे करून सगळे तयार असतात, तेवढ्यात एका आजारी मुलाचा बाप बोलवायला येतो. डॉक्टरनं जाऊ नये असं कोण म्हणेल? शिगेचं पार्लर घरातच आहे, पाहुणे म्हणजे तिच्या दुकानाच्या वर राहणारी माणसं. नवऱ्यानं सासू-सासऱ्यांसाठी महागाचा खाऊ आणला तर ती करवादते. बिस्किटं चालली असती की. गिऱ्हाइकानं वर कोण आलंय विचारल्यावर ती सांगते, गावाकडची ओळखीची माणसं आहेत.

या एका वाक्यासाठी शिगेला कुणी माफ करत नाही. मीही करत नव्हतो. आमच्याकडे आजी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका कॉलवर मी बोलत असताना ती मागून मोठ्यानं कुणालातरी हाक मारत होती. मॅनेजरनं विचारलं, एव्हरीथिंग ओके? मी म्हणालो, टीव्ही चालू आहे. म्यूट केलं आणि पुढं बोललो. शिगेला निदान 'ओळखीची माणसं' तरी म्हणावंसं वाटलं.

शिगेचं पात्र मला या सिनेमातलं सगळ्यात अवघड काम वाटतं. हारुको सुगिमुरानं ते केलंय. ती हिशेबी आहे, घाईत आहे, पण खोटी नाही. तार आल्यावर ओनोमिचीला जाताना शोकाचे कपडे बरोबर घ्यावेत का, हे तीच विचारते. ऐकायला भयंकर वाटतं. पण आई मेल्यावर सगळ्यात आधी हमसून रडते तीही शिगेच. आणि मग जेवताना आईचा अमका किमोनो, तमका कमरपट्टा मला द्या, म्हणून मागतेही. रडणं आणि मागणं यांतलं एक खरं आणि एक खोटं असं ओझू ठरवू देत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही घरी तेराव्याला बसलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

मग दोष कुणाचा? मला वाटतं सिनेमाचं लक्ष दोषापेक्षा मापांवर आहे. खोल्या किती, चटया किती, कुणाचं टेबल कुठं, कुणाची सुट्टी कधी. ओझूचा कॅमेरा जमिनीलगत असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही थोडा खाली. त्यामुळे घराची रुंदी, दाराच्या चौकटी, पॅसेज, त्यातून आडवं जाणारं माणूस हे सगळं सतत दिसत राहतं. ओनोमिचीच्या घरातही तीच मांडणी आहे, पण तिथं खिडकीबाहेरून शेजारीण जाता जाता डोकावून बोलते. टोकियोत बाहेर दिसतात ती कारखान्याची धुरांडी आणि वाळत घातलेले कपडे. तोमी छोट्या नातवाला घेऊन बांधावर जाते तो प्रसंग आठवा. तू मोठेपणी कोण होणार, बाबांसारखा डॉक्टर? तू डॉक्टर होशील तोवर मी असेन का? पोरगं गवत उपटत पुढं निघून गेलेलं असतं. शहरात म्हातारीला मिळालेला मोकळा उंचवटा एवढाच.

मुलांना वेळ नाही म्हणून ती पैसे काढून आई-बापांना आतामीला, गरम पाण्याच्या झऱ्याच्या ठिकाणी पाठवतात. आपल्या भाषेत पॅकेज. हॉटेल तरुण पोरांचं; रात्रभर गाणी आणि जुगाराचा कालवा. दोघं अंथरुणावर टक्क जागी. सकाळी समुद्राच्या कठड्यावर बसून दोघं ठरवतात की आता घरी जाऊ. उठताना तोमीला क्षणभर भोवळ येते. मरणाची पहिली खूण इथं आहे, आणि ओझू तिच्यावर जोर देत नाही. ते ठरल्या वेळेआधी टोकियोला परततात तर शिगेकडं त्या संध्याकाळी पार्लरवाल्यांची मीटिंग. राहायला जागाच नाही. दोघं उएनोला भिंतीशी जाऊन बसतात, डबा खातात, आणि केवढं हे शहर, इथं चुकामूक झाली तर जन्मभर भेट व्हायची नाही, असं काहीतरी बोलतात. संपूर्ण सिनेमात जवळजवळ न हललेला कॅमेरा इथं हलतो. भिंतीच्या कडेनं सरकत त्यांच्यापर्यंत जातो. घरात असताना तो स्थिर होता. घर सुटल्यावर त्यालाही जागेवर बसवेना.

या सगळ्यामागे एक कायदा आहे, जो सिनेमात कुणी उच्चारत नाही पण १९५३ च्या जपानी प्रेक्षकाला माहीत होता. १८९८ च्या नागरी कायद्यानं घराण्याचा एक प्रमुख ठरवला होता. साधारणपणे थोरला मुलगा. घर त्याचं, आणि म्हाताऱ्यांची जबाबदारीही त्याची. युद्धानंतर १९४७ मध्ये हा कायदा बदलला आणि १९४८ पासून सगळ्या मुलांना सारखा वाटा आला. चांगलाच बदल, विशेषतः मुलींसाठी. पण हक्क सगळ्यांत वाटला गेला तेव्हा कर्तव्य नक्की कुणाच्या खात्यावर गेलं? कोइची आणि शिगे एकमेकांकडं बघतात, खर्च अर्धा-अर्धा करतात, तेव्हा आपण हा न सुटलेला हिशेब बघत असतो. आपल्याकडं २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं पोटगीचा आकडा ठरवला, मूळ कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. अर्थात कॉलच्या मधे हाक मारली तर उत्तर द्यावं, हे कुठल्या कलमात बसणार.

इथवर मी ओझूच्या बाजूनं बोललो. आता माझी तक्रार. 'टोकियो स्टोरी' पाहुण्यांची गोष्ट आहे. शुकिची आणि तोमीकडं परतीचा प्रवास आहे. त्यांची सगळी आब, ते सौम्य हसू, 'आपली मुलं इतरांपेक्षा बरीच म्हणायची' हा समजूतदारपणा, या परतीवर उभा आहे. दहा दिवस कुणीही समजूतदार राहू शकतं. जपानी भाषेत एक शब्द आहे, 'योबियोसे रोजिन'. बोलावून घेतलेले म्हातारे. गावी एकटे पडले म्हणून मुलांनी शहरात जवळ आणून ठेवलेले आई-वडील. आपल्याकडं ही माणसं प्रत्येक सोसायटीत आहेत, शब्द मात्र नाही. आपण म्हणतो, 'आईला आणलंय.' जणू सामान.

त्यांची गोष्ट दोनशेव्या दिवशी सुरू होते. आमची आजी बार्शीजवळच्या गावात साठ वर्षं राहिली. आजोबा गेले आणि आम्ही तिला वाकडच्या फ्लॅटमध्ये आणलं. गावात तिला नाव होतं, नावाला जोडलेली भांडणं होती, उधारी होती. इथं ती बी-७०२ च्या आजी. गावात दार दिवसभर उघडं असायचं. इथं दार उघडं ठेवलं की आई म्हणते डास येतात, आणि समोरच्यांचं दार तर बंदच असतं. लिफ्ट तिला येते, पण खाली जाऊन करायचं काय हा प्रश्न लिफ्टनं सुटत नाही. पहिल्या महिन्यात ती पाहुणी होती, आम्ही तिच्याशी तोमीशी वागावं तसं वागलो. आठव्या महिन्यात कुणीच तसं वागत नाही; तीही नाही. या आठव्या महिन्याचा सिनेमा मला हवा आहे. योजी यामादानं २०१३ मध्ये 'टोकियो फॅमिली' नावानं ही गोष्ट आजच्या काळात पुन्हा केली. त्यात आतामीच्या जागी योकोहामातलं हॉटेल आहे आणि आई टोकियोतच मरते. सिनेमा वाईट नाही, पण बाप पुन्हा आपल्या बेटावर परततोच. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त विदर्भातल्या वाड्यात सतत वेळ विचारणारी दादी आहे, मुंबईहून आलेला मुलगा आहे. पण नाटक वाड्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही. तिथंही शहरच पाहुणं म्हणून येतं. दादीला मुंबईच्या दोन खोल्यांत नेलं असतं तर तिनं कुणाला वेळ विचारली असती, हा प्रश्न मला ते नाटक वाचल्यापासून पडलाय.

तरी ओझूला हे अजिबात दिसलं नव्हतं असंही नाही. अंत्यविधीनंतरच्या जेवणात शिगे एक वाक्य बोलून जाते, त्याचा आशय असा: बाबा आधी गेले असते तर बरं झालं असतं. आई एकटी उरली असती तर तिला टोकियोला आणता आलं असतं, ती उपयोगी पडली असती. समीक्षक हे शिगेच्या निर्दयपणाचं उदाहरण म्हणून देतात. मला ते सिनेमातलं सगळ्यात अचूक निरीक्षण वाटतं. म्हातारी शहरात आणता येते, कारण तिला काम येतं. ती नातवंडं बघते, भाजी निवडते, दूध उतू जाऊ देत नाही. म्हाताऱ्याला आणून ठेवायचं कुठं? आमच्या सोसायटीत सकाळी साडेआठला स्कूलबसपाशी उभ्या असलेल्या आज्या मोजा. त्यांच्यातल्या किती जणींना सुनेचं बाळंतपण झाल्यावर 'आणलं' आणि मुलं मोठी झाल्यावर त्या राहून गेल्या, हे विचारा. म्हाताऱ्यांचं स्थलांतर हे प्रेमानं होतं, तसं कामासाठीही होतं, आणि बायकांच्या बाबतीत ही दोन कारणं वेगळी काढता येत नाहीत. ओझूनं हे एका हिशेबी मुलीच्या तोंडी टाकलं आणि पुढं गेला.

आणि नोरिको? तिला संत करायचा मोह सगळ्यांना होतो. सेत्सुको हाराचं हसूच तसं आहे. ती ऑफिसातून एक दिवस सुट्टी काढते, बसमधून टोकियो दाखवते, आपल्या एका खोलीत नेते, शेजारणीकडून साके उसनी आणते. पण ती स्वतः शेवटी सासऱ्यांना सांगते की मी तुम्हाला वाटते तितकी चांगली नाही. 'बाग़बान'मधला दत्तक मुलगा असं कधी म्हणेल का? नोरिकोच्या खोलीत जागा आहे, कारण तिथं दुसरं कुणी नाही. तिचा मोकळा वेळ हा तिच्या एकटेपणाचाच भाग आहे. तोमीला हे कळतं. मेलेल्या मुलाच्या अंथरुणावर झोपायच्या आधी ती नोरिकोला पुन्हा लग्न कर म्हणून सांगते. म्हणजे उद्या तुलाही वेळ नसू दे.

ओझूबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्यानं लग्न केलं नाही आणि तो आईजवळच राहिला. ती १९६२ मध्ये गेली, तो पुढच्याच वर्षी. मुलं आई-बापांपासून कशी लांब जातात यावर सर्वांत चांगला सिनेमा काढणारा माणूस लांब गेलाच नव्हता. यातून काही सिद्ध होत नाही, पण लक्षात राहतं.

तिसऱ्यांदा हा सिनेमा मी आजीबरोबर बघितला, हॉलमध्ये, माझ्या टेबलाशेजारी. सबटायटल्स मी मराठीत सांगत होतो. तिला फार सांगावं लागत नव्हतं. सुरुवातीला सामान भरताना शुकिची हवेची उशी बायकोकडंच आहे म्हणून हटून बसतो आणि मग ती त्याच्याच पिशवीत निघते. तिथं मी सांगायच्या आधी ती हसली. माणसं खाली बसून जेवतात, अंथरुणं घडी करून ठेवतात, हे तिला आवडलं. टेबलाच्या प्रसंगाला तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, बोलली नाही. आई उपयोगी पडली असती हे शिगेचं वाक्य तिला ऐकवायचंच असं मी ठरवलं होतं, म्हणून ते मी आधीच सांगून टाकलं, आतामीच्या वेळी. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "खरं बोलली की पोरगी. म्हाताऱ्याला कोण सांभाळतंय? तुझ्या आजोबाला इथं आणला असता तर चार दिवसांत पळून गेला असता." मग थोड्या वेळानं, "मी गेले असते आधी तर बरं झालं नसतं."

ओसाकाच्या आसपास तिला झोप लागली. तोमी आजारी पडते, घरी पोचते, बेशुद्ध होते, मुलं येतात, हे सगळं मी एकट्यानं आवाज कमी करून बघितलं. तिला उठवलं नाही. सकाळी मी हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसलो होतो, ती लसूण सोलत होती. तिनं विचारलं, "रात्रीची ती म्हातारी पोचली का रं घरी?"

मी म्हणालो, "पोचली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मला कॉल आला.